पहिली यूएसपीएसए मॅच: गाडीच्या डिकीपासून स्कोअरच्या टॅब्लेटपर्यंत

पहिल्याच यूएसपीएसए (अमेरिकेतली पिस्तूल घेऊन पळत-फिरत मारण्याची स्पर्धा) मॅचला डीक्यू, म्हणजे बाद, होऊन दुपारच्या आत घरी परतलेल्यांची कारणं ऐकली, तर नेम चुकल्याचं कारण कुठेच सापडत नाही. पिस्तूल नको तिथे बॅगेतून काढलं. मॅगझिन न काढताच स्लाइड ओढली. पळताना बोट ट्रिगरवर राहिलं. डीक्यू म्हणजे त्या दिवसापुरता खेळ संपला. आधीच्या स्टेजचे (मॅचमधल्या एकेका टप्प्याचे) गुणही जातात आणि सुरक्षेच्या बाबतीत "एक वेळ जाऊ द्या" म्हणण्याची सोय नसते.

हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, स्वतःचं कायदेशीर पिस्तूल असलेल्या आणि इनडोअर रेंजवर एका जागी उभं राहून कागदाला भोकं पाडण्याचा कंटाळा आलेल्या मराठी वाचकांसाठी आहे. मुख्य धागा यूएसपीएसएचा. आयडीपीए आणि स्टील चॅलेंज या दुसऱ्या दोन पिस्तूल स्पर्धांचे फरक जिथल्या तिथे सांगितले आहेत. एनसीसीत .२२ रायफल चालवली असेल किंवा भारतात १० मीटर एअर पिस्तूल केलं असेल, तर चाप ओढण्याची शिस्त इथे उपयोगी पडेलच. पण तिथे आपण जागेवर उभे असतो. इथे भरलेलं पिस्तूल हातात घेऊन चालायचं, वळायचं, भिंतीआडून डोकवायचं असतं.

१. आधी व्हिसा आणि राज्याचा कायदा

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा गोळ्या बाळगायला फेडरल कायद्याची सर्वसाधारण मनाई आहे. मित्राचं पिस्तूल रेंजवर पाच मिनिटं हातात घेणं हेही बाळगण्यातच मोडतं. चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला नेहमी सांगितला जाणारा अपवाद. त्याच्या भरवशावर पुढे जायचं असेल तर आधी वकिलाला गाठा, कारण इथली चूक दंड भरून मिटत नाही, इमिग्रेशनच्या फाइलपर्यंत जाते. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना ही अडचण नाही.

मग राज्य. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात मॅगझिनची मर्यादा १० गोळ्यांची आहे. एडिसनहून पेनसिल्व्हेनियातल्या क्लबला जाणारे इथे हमखास फसतात. १७ गोळ्यांचं मॅगझिन नदीपलीकडे घेतलं आणि फक्त तिथेच वापरलं, तरी ते डिकीत टाकून न्यू जर्सीत आणलं की गुन्हा तो गुन्हाच. पिस्तूल रिकामं, बंद पेटीत, डिकीत, गोळ्या वेगळ्या. घर ते रेंज आणि रेंज ते घर. परतीच्या वाटेवर किराणा उरकून येऊ, हा बेत त्या दिवशी ठेवू नका.

२. मॅच निवडा, नाव नोंदवा

प्रॅक्टिस्कोर या साइटवर आसपासच्या क्लबांच्या मॅच सापडतात. नोंदणी, स्क्वाड (एकत्र फिरणारा नेमबाजांचा गट) निवडणं आणि नंतरचा निकाल, सगळं तिथेच. स्थानिक मॅचसाठी यूएसपीएसएचं सभासदत्व बहुतेक क्लब मागत नाहीत. नवख्यांसाठी वेगळा सेफ्टी वर्ग असेल तर तो आधी करा. नोंदणी करताना 'नवीन' असा रकाना दिसला तर त्यावर खूण करायला लाजू नका. त्याने तुम्हाला अनुभवी माणसांच्या स्क्वाडमध्ये टाकतात.

होल्स्टरमधून पिस्तूल काढायची अजून भीती वाटत असेल तर पहिली मॅच स्टील चॅलेंजची खेळा. पाच लोखंडी प्लेट, पळापळ जवळजवळ नाही, एकेका स्टेजवर सहसा पाच फेऱ्या आणि त्यातली सर्वांत वाईट गाळतात. .२२ पिस्तूल चालतं आणि त्याला होल्स्टर लागत नाही. नळी समोर जमिनीवरच्या खुणेकडे रोखून सुरुवात होते. आयडीपीएत पिस्तूल शर्टाखाली किंवा जॅकेटखाली झाकलेलं असतं आणि आडोशामागून मारावं लागतं. यूएसपीएसएत सर्वांत जास्त पळणं आणि सर्वांत जास्त मोकळीक. एका स्टेजला कमाल ३२ गोळ्या लागतील अशी रचना असते आणि कुठलं टार्गेट कुठून मारायचं हे बरंचसं तुमचं तुम्ही ठरवता.

डिव्हिजनचा, म्हणजे पिस्तुलाच्या प्रकाराप्रमाणे केलेल्या गटांचा, घोळ घालत बसू नका. साधं ९ मिमी सर्व्हिस पिस्तूल आणि लोखंडी साइट असेल तर प्रॉडक्शन. त्याच पिस्तुलावर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) असेल तर कॅरी ऑप्टिक्स. शंका असेल तर तिथल्या माणसाला मॉडेल सांगून विचारा.

सावध: "हे बघा ना, हे कुठल्या डिव्हिजनमध्ये बसेल?" म्हणत नोंदणीच्या टेबलावर पिस्तूल बॅगेतून काढलं की दिवस तिथेच संपला.

३. सामान

होल्स्टर कडक हवं, कायडेक्ससारख्या ताठ प्लास्टिकचं. कमरेच्या बाजूला बसणारं आणि ट्रिगरचा पूर्ण भाग झाकणारं. कापडी होल्स्टरचं तोंड पिस्तूल काढल्यावर मिटतं, मग परत घालताना लोक दुसऱ्या हाताने ते उघडायला जातात आणि स्वतःचाच हात नळीसमोर आणतात. खांद्याचं किंवा पाठीमागचं होल्स्टर नको. पोटासमोर लावणार असाल तर क्लबला आधी विचारून घ्या.

पट्टा जाड आणि ताठ. मॅगझिन किमान चार, आणि १० गोळ्यांच्या राज्यात पाच-सहा. प्रत्येकाच्या तळाला मार्करने नंबर टाका. एखादं मॅगझिन गोळी अडकवायला लागलं की कुठलं ते नंबरवरून लगेच कळतं. पट्ट्यावर तीन-चार पाऊच.

गोळ्या जाहीर केलेल्या आकड्यापेक्षा पन्नासेक जास्त न्या. मॅच १५० ची असेल तर २००. कारखान्याची पितळी केसची, साधी ९ मिमी एफएमजे (पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी) चालते. पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले १०००. मायनर या कमी ताकदीच्या गटासाठी तो १२५ लागतो. १२४ ग्रेनची गोळी १,०९० ने जात असेल तर १३५, म्हणजे आरामात पास. घरी लोहचुंबक गोळीच्या टोकाला लावून बघा. चिकटलं तर ती खेप रेंजवर नेऊ नका. पोलादी गाभ्याच्या गोळ्या लोखंडी टार्गेट खराब करतात आणि त्यांना बंदी असते.

डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. आत फोमचे प्लग आणि वर मफ, दोन्ही घाला, कारण शेजारच्या खणात कोण केव्हा बार काढेल सांगता येत नाही. टोपी, आणि गळ्याला घट्ट बसणारा टी-शर्ट. तापलेलं रिकामं केस उघड्या गळ्यातून आत गेलं की माणूस पिस्तुलासकट नाचायला लागतो, आणि नळी कुठे फिरेल याचा नेम नाही. तळाला खाचा असलेले बूट. पाणी भरपूर.

तपासा: मॅचच्या आदल्या आठवड्यात, मॅचला नेणार त्याच गोळ्यांनी, प्रत्येक मॅगझिन एकदा तरी पूर्ण रिकामं होईपर्यंत मारून बघा. नवीन रेड डॉट लावला असेल तर तोही याच वेळी झिरो करा, म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच जागी येतील असा जुळवा.

४. घरची तयारी: रिकाम्या पिस्तुलाने

बहुतेक इनडोअर रेंजवर होल्स्टरमधून पिस्तूल काढायला आणि भराभर मारायला परवानगी नसते. म्हणून मॅचला लागणाऱ्या निम्म्या गोष्टी घरीच बसवाव्या लागतात.

गोळ्या आणि भरलेली मॅगझिन दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावा. चेंबर डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. ज्या भिंतीकडे रोखणार तिच्या पलीकडे माणसांचा वावर नसावा. अपार्टमेंटमध्ये हे विशेष. नंतर रोज दहा मिनिटं पुरे.

काय करायचं? पकड होल्स्टरमध्येच पूर्ण घ्या. पिस्तूल सरळ वर काढा, छातीसमोर दुसरा हात जोडा, मग पुढे ढकला. ट्रिगरकडे बोट फक्त साइट टार्गेटवर आल्यावर. हे सावकाश करा, वेग आपोआप येतो. त्याहून जास्त वेळ पिस्तूल परत घालण्याला द्या. बोट सरळ फ्रेमवर, शर्टाची कड होल्स्टरपासून दूर, मान खाली घालून डोळ्यांनी बघत, मुंगीच्या पावलाने. पिस्तूल परत घालण्याच्या वेळेला घड्याळ नसतं. तरी नवे लोक तिथेच घाई करतात.

दुसरा सराव मॅगझिन बदलण्याचा, आणि तो चालताना. बोट फ्रेमवर आणि नळी समोरच्या भिंतीकडे, हे सांभाळत डावीकडे चार पावलं, उजवीकडे चार पावलं. डावीकडची जास्त करा. कारण सातव्या टप्प्यात येईल.

५. रेंजवर पोचल्यावर

या मॅच कोल्ड रेंजवर होतात. म्हणजे फायरिंगची पाळी येईपर्यंत प्रत्येकाचं पिस्तूल रिकामं आणि होल्स्टरमध्ये किंवा बंद बॅगेत. हात लावायची जागा दोनच: सेफ एरिया, किंवा रेंज ऑफिसरने (सगळे आरओ म्हणतात) आज्ञा दिल्यावर फायरिंग लाइन. तिसरी जागा नाही. गाडीची डिकीही नाही.

क्रम असा. घरून निघतानाच पिस्तूल रिकामं करून बंद बॅगेत ठेवा. रेंजवर पोचल्यावर पट्टा, होल्स्टर, पाऊच गाडीपाशी चढवा. मॅगझिन भरायची असतील तर तीही गाडीपाशी किंवा स्टेजच्या मागे भरा. मग बंद बॅग घेऊन सेफ एरियात जा, बांधाकडे (गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या उंचवट्याकडे) तोंड करा, पिस्तूल काढून होल्स्टरमध्ये घाला. झालं.

सावध: सेफ एरियात गोळीला हात लावला की डीक्यू. पाऊचमध्ये भरलेली मॅगझिन असली तर चालतात, पण ती तिथे हाताळायची नाहीत. खिशात सापडलेली एक सुटी गोळी "बघू कुठली आहे" म्हणून बाहेर काढणंही त्यातच येतं.

कन्सील्ड कॅरीची सवय असलेल्यांनी त्या दिवशी भरलेलं पिस्तूल कमरेला लावून येऊ नये. आलातच, तर त्याला हात न लावता मॅचच्या माणसाला शोधा आणि सांगा. तो सांगेल तिथे, त्याच्या देखत रिकामं करा.

६. स्टेज बघणं

आरओ स्टेजची लेखी सूचना वाचून दाखवतो: सुरुवात कुठून, हात कुठे, किती टार्गेट, कागदावर किती गोळ्या (सहसा दोन). मग साधारण पाच मिनिटं सगळ्यांना आत फिरायला मिळतं. अनुभवी लोक हवेत बोटं रोखत चालताना दिसतील. तुम्हीही तसंच करा, पण हात रिकामेच हवेत.

आधी नुसती टार्गेटं मोजा. सूचनेत १२ सांगितली आणि तुम्हाला ११ दिसली, तर बारावं कुठल्यातरी भिंतीआड लपलेलं आहे. ते सापडेपर्यंत बाकी काही ठरवू नका. टार्गेट विसरणं ही नवख्यांची सर्वांत महाग चूक. मग पांढरी नो-शूट (ज्यांना गोळी लागू द्यायची नाही अशी) टार्गेटं कुठे आहेत ते बघा. मग मॅगझिन कुठे बदलायचं ते ठरवा, आणि ते दोन जागांच्या मधल्या चालीत बसवा. १० गोळ्यांचं मॅगझिन असेल तर प्रत्येक जागेसाठी नवं, असा सरळ हिशेब ठेवा.

लोखंडी टार्गेट जवळ असेल तर जमिनीवरच्या सीमारेषेकडे लक्ष द्या. २३ फुटांच्या आतून लोखंडावर गोळी झाडली तर डीक्यू, कारण तुकडे उलटून येतात.

योजना एकदा ठरली की बदलू नका. शेजारच्याने वेगळ्या वाटेने केलं म्हणून ऐनवेळी त्याची नक्कल करायला गेलात तर मधेच थबकाल.

७. फायरिंग लाइनवर

आज्ञा इंग्रजीत आणि ठरलेल्या असतात. त्या शब्दशः पाठ करा.

"मेक रेडी": बांधाकडे तोंड. पिस्तूल काढा, मॅगझिन घाला, स्लाइड ओढून सोडा, सेफ्टी असेल तर लावा, सावकाश परत होल्स्टरमध्ये. बाहेर घोडा असलेलं पिस्तूल प्रॉडक्शनमध्ये घोडा खाली घेऊन सुरू करावं लागतं. डीकॉकर (घोडा सुरक्षित खाली घेणारा खटका) असेल तर तोच वापरा. नसेल तर घोडा अंगठ्याने धरून सोडणं घरी रिकाम्या पिस्तुलावर पक्कं करून या.

"आर यू रेडी?": गप्प राहिलात तर तयार असं धरतात. नसाल तर मोठ्याने "नॉट रेडी".

"स्टँड बाय": यानंतर १ ते ४ सेकंदांत बीप. मधल्या वेळात हलू नका.

बीपनंतर घड्याळ सुरू, आणि सगळी जोखीम इथून पुढे. नियम मुख्यतः दोन. पहिला १८० अंशांचा: तुमच्या शरीरातून जाणारी, समोरच्या बांधाला समांतर रेषा धरा. नळीने ती ओलांडून मागे जायचं नाही. डावीकडे, उजवीकडे किंवा डोक्यावरूनही नाही. उजव्या हाताने मारणाऱ्याला धोका डावीकडे पळताना. अंग डावीकडे वळतं, त्याच वेळी मॅगझिन बदलायला मनगट आत फिरतं, आणि नळी थेट रेषेवर जाते. उपाय एकच: पाय डावीकडे जाऊ देत, पण उजवा कोपर अंगाशी घेऊन नळी बांधाकडेच ठेवा. डावखुऱ्यांनी हे उलट वाचावं. मागे परत यायचं असेल तर पळण्याच्या नादात गर्रकन फिरू नका.

दुसरा नियम बोटाचा. टार्गेटवर नेम नसेल तेव्हा बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, आणि ते आरओला लांबून दिसेल इतकं ठळक. चालताना, मॅगझिन बदलताना, अडकलेली गोळी काढताना. आरओ "फिंगर!" किंवा "मझल!" ओरडला तर तो इशारा समजा. "स्टॉप!" ओरडला तर जागच्या जागी थांबा आणि पुढची सूचना ऐका.

सावध: पिस्तूल हातातून सुटलं तर झेलायला जाऊ नका, बोटं ट्रिगरवर जाऊन पडण्याचीच शक्यता जास्त. स्टेज चालू असताना पडलं तर डीक्यू होईल, होऊ द्या. रिकामं पिस्तूल स्टेजबाहेर पडलं तर डीक्यू नाही, पण तुम्ही उचललंत तर आहे. आरओला बोलवा, तो उचलेल.

आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, धक्का जाणवला नाही, तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. स्लाइड ओढून पुढची मारलीत तर नळी फुटते.

८. रिकामं करणं

शेवटचं टार्गेट झालं की डोकं सैल पडतं, म्हणून हे वेगळं लिहिलं आहे. आरओ म्हणतो, "इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर."

आधी मॅगझिन बाहेर. ते खिशात टाका किंवा खाली सोडा, पण आधी तेच. मग स्लाइड ओढा. चेंबरमधली गोळी बाहेर पडेल, तिला झेलण्याची कसरत नको. स्लाइड मागे धरून स्वतः बघा, मग आरओला दाखवा. "इफ क्लिअर, हॅमर डाउन, होल्स्टर" ऐकल्यावर स्लाइड पुढे सोडा, नळी बांधाच्या पायथ्याकडे रोखा, ट्रिगर ओढा. टक् असा आवाज यायला हवा. मग होल्स्टर. "रेंज इज क्लिअर" ऐकल्यावरच मागे वळा.

घाईत स्लाइड आधी आणि मॅगझिन नंतर असं झालं, तर चेंबरमधली गोळी जाऊन मॅगझिनमधली नवी तिथे बसते, आणि टक् ऐवजी धडाम होतं. डीक्यू. म्हणून घरच्या सरावात शेवटी हा क्रम तोंडाने म्हणत करा: मॅगझिन, स्लाइड, बघ, दाखव.

९. गुण आणि हिशेब

कागदी टार्गेटवर ए, सी, डी असे भाग. मायनरमध्ये ए ला ५, सी ला ३, डी ला १. मिस उणे १०, नो-शूटला लागली तर उणे १०, नियमभंगाचे उणे १०. एकूण गुणांना वेळेने भागायचं. तो हिट फॅक्टर.

आठ कागदी टार्गेट, सोळा गोळ्या, ८० गुण धरा. एकाने १३ ए आणि ३ सी मारले, ७४ गुण, २० सेकंद: हिट फॅक्टर ३.७. दुसरा १५ सेकंदांत सुसाट गेला, पण १० ए, ४ सी आणि दोन मिस. ६२ वजा २० म्हणजे ४२, भागिले १५: २.८. पाच सेकंद वाचवून तो मागे पडला. ३.७ च्या गतीला एक मिस साधारण चार सेकंदांना पडते (हातचे ५ गेले, वर १० दंड), तर ए च्या जागी सी आला तर अर्ध्या सेकंदाचं नुकसान. तेव्हा शंका आली की आणखी एक गोळी मारा. नेहमीच्या कॉम्स्टॉक (हव्या तितक्या गोळ्या मारण्याची मुभा असलेल्या) स्टेजवर जास्तीच्या गोळ्यांना दंड नाही, प्रत्येक टार्गेटवरच्या सर्वांत चांगल्या दोनच मोजतात. आयडीपीएत हिशेब सरळ वेळेचा आहे: केंद्रापासून सुटलेला प्रत्येक गुण एक सेकंद वाढवतो. तिथे गोळ्या शिल्लक असलेलं मॅगझिन जमिनीवर टाकून पुढे गेलात तर त्याचाही दंड बसतो, यूएसपीएसएची सवय घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

आरओ गुण सांगत टार्गेट ते टार्गेट फिरतो तेव्हा त्याच्याबरोबर फिरा. तक्रार असेल तर तिथेच करा. टेप लागल्यावर भोक दिसत नाही. टॅब्लेटवर आकडे वाचूनच मान्य करा.

१०. पाळी नसताना

उरलेल्या वेळात तुम्ही कामगार आहात. भोकांवर टेप लावणं, पडलेले पॉपर (गोळी लागली की पडणारी लोखंडी टार्गेटं) उभे करणं, लोखंडाला रंग मारणं. आरओने मोजण्याआधी टार्गेटला टेप लावू नका. लावलीत तर त्या बिचाऱ्याला पूर्ण स्टेज पुन्हा मारावी लागू शकते. टेप न लावता सावलीत बसणारा माणूस मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतो. यादीत तुमच्या आधी दोन जण उरले की काम थांबवा, मॅगझिन भरलेली आहेत ना ते बघा आणि योजना डोळे मिटून एकदा चालून घ्या.

दुपारी डबा उघडण्याआधी हात साबणाने आणि गार पाण्याने धुवा. गोळ्यांमधलं शिसं बोटांना लागलेलं असतं आणि पोळीचा रोल आपण हातानेच खातो. नुसता सॅनिटायझर शिसं काढत नाही. घरी लहान मूल असेल तर बूट दाराबाहेर, कपडे थेट मशिनमध्ये आणि वेगळे, आणि मुलाला उचलून घेणं आंघोळीनंतर.